बॉनेटवरच्या तीन रेघा

शिवमूर्तीनं बॉनेटवरून कापड उचललं आणि उलटं करून उजेडात धरलं. काळं होतं. नुसतं काळं. त्याच्या जिवात जीव आला, कारण काळं म्हणजे अजून रंग शिल्लक होता. ज्या घडीला कापडावर तांबूस दिसेल त्या घडीला खालचा प्राइमर उघडा पडला असं समजायचं, आणि मग नऊ दिवसांची मेहनत पाण्यात. अर्थात पाण्यात म्हणायला उदगिरात त्या साली पाणी कुठं होतं!

मृग कोरडा गेला, आर्द्रा गेल्या, पुष्य गेलं, श्रावण निम्मा सरला तरी गावात टँकरच फिरत होता. पण लातूरला त्याचं काही नव्हतं. लातूर येत्या रविवारी, पंधरा ऑगस्टला, जिल्हा होणार होतं. कमानी उभ्या राहत होत्या, नव्या कचेरीला चुना लागत होता, आणि मिरवणुकीत पाहुण्यांना बसवायला एक काळी अॅम्बेसिडर हवी होती. ती महादेवप्पा आडत्यानं देऊ केली. कशासाठी देऊ केली हे विचारू नये. आडत्या माणूस उगाच कुणाच्या हातावर गूळ ठेवत नाही.

गाडी एकसष्ट सालची, महादेवप्पाच्या वडिलांनी, म्हणजे शिवप्पांनी घेतलेली. इंजिनाचं काम झालं, सीटा नव्या झाल्या, हॉर्न नवा बसला. रंगाच्या चमकेसाठी मात्र नांदेडहून शिवमूर्तीला बोलावणं धाडलं. तो मूळचा बिलोलीचा. नांदेडच्या गॅरेजात वीस वर्षं काढली, नंतर पत्र्याची पेटी घेऊन धर्माबाद, भोकर, देगलूर असा फिरत राहिला. कुणाच्या लग्नाची गाडी, कुणा डॉक्टरची, कुणा साखर कारखान्याच्या साहेबाची. आता पंचावन्न उलटली होती. उजवा खांदा असा धरला होता की सदरा घालताना आधी तो हात घालावा लागे, मग डावा. बायको पार्वतम्मा दर खेपेला म्हणायची, "एका जागी बसा की हो आता." जणू तो हौसेनंच हिंडत होता!

पण यंदा एका जागी बसायची सोय दिसत होती. गाडी ठरवायला आलेला नव्या कचेरीचा नाझर, आप्पासाहेब, जाता जाता म्हणाला होता, "मिस्त्री, बॉनेट असं कर की पाहुण्याला त्यात बघून टोपी सरळ करता आली पाहिजे. जमलं तर नव्या जिल्ह्याच्या साऱ्या गाड्या तुझ्या हाताखाली. कायमच्या. शेड बांधून राहिलेत, पत्र्याची." शिवमूर्तीनं त्या पत्र्याच्या शेडचा नऊ दिवसांत इतका विचार केला होता की तिची सावली कुठल्या वेळेला कुठं पडेल हेही त्यानं मनात ठरवून टाकलं होतं.

अडचण बॉनेटचीच होती. बाकी गाडी निमूट चमकली. बॉनेटवर मात्र तीन आडव्या रेघा होत्या, वीतभर लांब, भुरकट, बोटाएवढ्या रुंद. पहिल्या दिवशी त्यानं त्यावरून बोट फिरवलं तर बोट आपोआप रेघेत उतरलं. त्यानं महादेवप्पाकडं पाहिलं.

"हे काय मालक? कशानं झालं?"

"अव्वा," महादेवप्पा आपल्या आईबद्दल म्हणाला. "दर सोमवारी ओली विभूती लावती. अप्पा होते तवापासून. ऊन असो, पाऊस असो. किती सांगितलं, अव्वा, काचंला लाव, चाकाला लाव. न्हाई. कपाळ म्हणजे बॉनेट, म्हणती."

शिवमूर्ती स्वतः लिंगायत. विभूतीचं त्याला कौतुक सांगायला नको होतं. पण एकवीस वर्षांच्या सोमवारांनी, ओल्या भस्मानं आणि वरच्या उन्हानं रंग खाल्ला होता, तीन बोटांनी घासून घासून तीन वाटा पाडल्या होत्या. अशा रेघा काही पुसता येत नाहीत. त्यांच्या आजूबाजूचा सगळा रंग त्यांच्या पातळीला खाली आणावा लागतो. म्हणजे आख्खं बॉनेट सोलायचं, कागदाइतकं पातळ करायचं, आणि तांबडं दिसायच्या आत थांबायचं. हे थांबणंच खरं काम. पोरंसोरं घासू शकतात, थांबता फार थोड्यांना येतं.

"अव्वा कुठं हायेत?" त्यानं विचारलं होतं.

"भालकीला, माझ्या बहिणीकडं. मुद्दामच पाठवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय तिच्या, पण हाताला सगळं कळतं. ती यायच्या आत उरकायचं बघ."

मग रोज सकाळी महादेवप्पाची बायको उमादेवी एक घागर आणून गाडीच्या शेडच्या दारात आपटायची. रोज तेच बोलायची, फक्त शब्द फिरवून.

"घ्या मिस्त्री. माणसाला तोंड धुवायला तांब्या न्हाई अन् गाडीला आंघोळ! पुढल्या जन्मी मोटारच व्हावं बाई माणसानं."

"अक्का, निम्मीच द्या. मी पुरवतो."

"निम्मी दिली तर निम्मीच चमकंल. मग माझ्या नावानं खडे फोडा."

जीभ तिखट होती, पण घागर कधी चुकली नाही. शिवमूर्तीलाही पाण्याची लाज वाटायची. ओल्या घासकागदानं घासताना गळलेलं पाणी तो फेकत नसे, खाली परात लावून धरायचा, रात्रभर निवळू द्यायचा, मलमलीतून गाळून पुन्हा वापरायचा. चौथ्या दिवशी त्यानं सांगून टाकलं की आता घागर नको, आहे त्यात भागतंय. उमादेवीनं कमरेवर हात ठेवून परातीतल्या काळ्या पाण्याकडं पाहिलं, आणि दुपारी त्याच्यासाठी ताकाचा गडवा पाठवला.

आज सोमवार होता. दहा वाजता नाझर गाडी न्यायला येणार होता. शिवमूर्तीनं शेवटचं मेण लावलं, मऊ फडक्यानं हळूहळू गोल फिरवून उतरवलं, आणि मागं सरून पाहिलं. बॉनेटमध्ये शेडचे वासे दिसत होते. वाशाला लोंबणारी तुटकी दोरी दिसत होती. त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो त्याला फारच म्हातारा वाटला. रेघांचा मागमूस नव्हता. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण आधी भिंतीला टेकावंसं वाटलं. तो टेकला.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि महादेवप्पाची अव्वा, गंगम्मा, उतरली.

ती दोन दिवस आधीच परतली होती. भालकीतही नळ आठव्या दिवशी येत होता, लेकीच्या घरी तोंडं दहा, त्यात आपण अकरावं कशाला, असा विचार तिनं केला. शिवाय श्रावणातला सोमवार. मागचा एक चुकलाच होता. ती कुणाला हाकही न मारता भिंतीला हात लावत आत गेली, आणि थोड्या वेळानं वाटीत ओली विभूती कालवून शेडकडं आली. मागून उमादेवी, "अव्वा, आधी च्या तरी घ्या, अव्वा, बसा तरी," करत येत होती. गंगम्माला ते ऐकूच येत नव्हतं, किंवा येत होतं पण ती थांबणार नव्हती.

शिवमूर्ती भिंतीपासून उठला. काय करावं त्याला सुचेना. कोवळं पडलेलं, पातळ झालेलं ते बॉनेट. त्यावर ओलं भस्म दहा मिनिटं जरी वाळलं तरी डाग धरणार, आणि तो काढायला आता खाली रंगच उरलेला नाही.

गंगम्मा गाडीपाशी आली. वाटी डाव्या हातात धरून तिनं उजवा तळवा बॉनेटवर ठेवला. फिरवला. मधोमध आणला, परत मागं नेला, परत आणला. तिची बोटं काहीतरी शोधत होती आणि त्यांना ते सापडत नव्हतं. मग ती बाजूला सरकली, दार चाचपलं, खिडकीतून हात घालून सीटला लावला. हात झटकन बाहेर काढला.

"ही कुणाची गाडी हाय?"

महादेवप्पा धोतर सावरत येतच होता. त्यानं आईच्या हातातली वाटी पाहिली, बॉनेट पाहिलं, आणि आईनं आपणहून दिलेली वाट धरली.

"दुसऱ्याची हाय अव्वा. लातूरच्या कार्यक्रमाला आणलेली. ठिवली जरा आपल्याकडं."

"अन् आपली?"

"आपली गॅरेजात हाय. कामाला टाकली."

गंगम्मानं मागं हात करून भिंत चाचपली. मग शेडच्या पायरीवर बसली. वाटी मात्र तिनं सांडू दिली नाही.

"विकलीस," ती म्हणाली.

"न्हाई अव्वा! शप्पथ!"

"बैल पण तू चरायलाच पाठवले होतेस. चैतापासून चरतेत. अजून पोट भरलं न्हाई त्यांचं?"

उमादेवीनं पदर तोंडाला लावला.

"मी काय म्हणत होते का, विकू नको?" गंगम्माचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागत होता. "दुष्काळ हाय, मला काय कळत न्हाई? इक. पण सांगून इक की रं. डोळे गेलेत माझे, कान हायेत. तुझे अप्पा गेले तवा त्यांचे सदरे वाटले, चष्मा वाटला, काठी जावयानं नेली. ही एक गाडी ऱ्हायली. तिला हात लावला की माझीच बोटं मला लागायची. लातूरच्या बाजाराला, हैद्राबादला, कुठं कुठं जायचे ते, अन् दर वेळी आले परत. ते आठवायचं. एवढंच. दुसरं काय करत होते मी?"

गंगम्मानं मान वळवली, शिवमूर्ती उभा होता तिकडं, अगदी नेमकी.

"तिथं कोण हाय? मेणाचा वास येऊन राहिला."

"मी, अव्वा. शिवमूर्ती. नांदेडहून आलो. पॉलिशवाला."

"कोणाचा तू?"

"आपल्यातलाच. बिलोलीचा."

"मग लिंग हाय गळ्यात?"

"हाय."

"हातात घे. अन् सांग मला, ही कुणाची गाडी?"

काम करताना तो लिंगाचा दोरा पाठीवर टाकून ठेवायचा. डबी चांदीची, ओणवं झाल्यावर रंगाला लागली तर ओरखडा पडायचा. आता त्यानं दोरा पुढं ओढला आणि डबी मुठीत घेतली. गंगम्माच्या डोक्यावरून महादेवप्पा खुणा करत होता. आधी मान हलवून, मग चक्क हात जोडून. बरोबरच होतं त्याचं. एक शब्द, 'दुसऱ्याची', आणि म्हातारी वाटी घेऊन आत जाईल, दहा वाजता नाझर येईल, रविवारनंतर शिवमूर्ती पत्र्याच्या शेडखाली बसेल. आठ दिवसांनी गाडी परत आली की महादेवप्पा काहीतरी सांगेल तिला. घरातल्या घरात मिटेल. आपण कोण? पॉलिशवाला. त्याच्या मनात हे सगळं आलं. आलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

"तुमचीच हाय, अव्वा," तो म्हणाला.

महादेवप्पानं कपाळावर हात मारून घेतला.

"मग माझ्या रेघा?"

"मी काढल्या."

"सगळ्या?"

"हाव."

"किती दिवस लागले?"

"नऊ."

गंगम्मानं मान डोलावली. कुणी बाजारभाव सांगितला आणि तो पटला, तशी.

"मला एकवीस वर्षं लागली," ती म्हणाली.

शिवमूर्तीला काहीतरी बोलायचं होतं. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता आलं नसतं, कारण ठाऊक होतं. पोटासाठी केलं, हे म्हणता आलं असतं, पण ते तिला न सांगताही कळलं असावं. ती पायरीवरून उठू लागली आणि तिनं आधारासाठी हात पुढं केला. त्यानं आपला उजवा दिला आणि खांद्यात कळ येऊन तो कण्हला. तिनं हात न सोडता त्याच्या मनगटावरून, सुजलेल्या सांध्यांवरून बोटं फिरवली, जशी बॉनेटवर फिरवली होती.

"आता कुठं लावू?" तिनं विचारलं. "मला जागा सापडंना."

त्यानं तिचं मनगट धरून बॉनेटच्या मधोमध नेलं. गंगम्मानं वाटीत तीन बोटं बुडवली आणि डावीकडून उजवीकडं ओढली. काळ्यावर पांढरं, लख्ख. महादेवप्पानं तोंड फिरवलं. बाहेर रस्त्यावर जीपचा आवाज आला, फाटकाशी मंदावला. उमादेवी लगबगीनं पुढं आली आणि तिनं शिवमूर्तीच्या हातात ओलं फडकं कोंबलं, आणि डोळ्यांनीच सांगितलं, अव्वा वळल्या की लगेच.

पण गंगम्मा वळली नाही.

"मी आत गेले की पुसशील," ती म्हणाली.

"हाव, अव्वा," शिवमूर्ती म्हणाला. "पुसावं लागंल."

"अरे देवा," महादेवप्पा पुटपुटला. "काय माणूस हाय हा!"

गंगम्मा मात्र हसली. खरंच हसली, दात नसलेलं तोंड भरून. "बघ महादू. असं सांगायचं असतं. एवढं अवघड असतं का?" मग ती शिवमूर्तीकडं वळली. "मग माझ्यासमोर पूस. वाळलं तर डाग ऱ्हाईल. नऊ दिवस वाया जातील तुझे. पूस."

शिवमूर्तीनं आधी ओलं फडकं फिरवलं, मग कोरडं, मग मऊ. गंगम्मा शेजारी उभी राहून ऐकत होती. कोरड्या फडक्याचा चुर्र आवाज झाला तेव्हा तिनं मान जराशी वाकडी केली, आणि तो थांबला तेव्हा म्हणाली, "झालं?"

"झालं."

नाझर आप्पासाहेब आत आला तो घाईतच. त्याच्या मागं टोपीवाला ड्रायव्हर. आप्पासाहेबानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटपाशी थांबला, वाकला, आणि स्वतःच्या टोपीचं टोक सरळ केलं. महादेवप्पा लगेच हसला. आप्पासाहेबही हसला.

"वा मिस्त्री! जबान दिली ती दिली. मंगळवारी, सतरा तारखेला, कचेरीत ये. पेटी घेऊन ये, परत न्यायची गरज न्हाई."

"येतो साहेब," शिवमूर्ती म्हणाला. इतके दिवस त्यानं हे वाक्य मनात म्हणून पाहिलं होतं. तोंडातून निघालं तेव्हा ते अगदी साधं निघालं.

ड्रायव्हरनं गाडी बाहेर काढली. इंजिन आता पूर्वीसारखं धडधडत नव्हतं, मांजरीएवढा आवाज करत होतं. नव्या हॉर्ननं रस्त्यावरची शेळी बाजूला केली आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. मागून जीप. महादेवप्पा फाटकापर्यंत पळत गेला आणि पाहुण्यांना निरोप द्यावा तसा हात हलवत राहिला. उमादेवी आत चुलीकडं गेली.

शेडमध्ये शिवमूर्ती आणि गंगम्मा दोघंच उरले. तो पेटी आवरू लागला. मेणाचा डबा, उरलेला कागद, फडक्यांची बोचकी. परातीतलं काळं पाणी त्यानं आडोशाच्या पेरूच्या खोडाशी ओतलं. ते झाड जगेल असं वाटत नव्हतं, पण नुसतं फेकवेना.

"लातूरला काम मिळालं म्हण तुला," गंगम्मा म्हणाली.

"हाव अव्वा. कायमचं."

"बरं झालं. हात लई सुजलाय. एरंडाचा पाला बांध."

"बांधीन."

ती गाडीच्या रिकाम्या जागेकडं तोंड करून उभी होती. मग तिनं विचारलं, आवाजात काही तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती.

"आठ-पंधरा दिवसांनी गाडी परत येईल. हे लोक म्हणतील, अव्वा, आली बघ आपली गाडी. ती आपलीच हाय का दुसरी, मला कसं कळंल रं?"

शिवमूर्तीनं पेटीची कडी लावली. लिंगाची डबी केव्हाच परत पाठीवर गेली होती. शपथ वगैरे आता काही नव्हती. कळंल अव्वा, सहज कळंल, असं म्हटलं असतं तरी त्याला कुणी विचारणार नव्हतं, आणि मंगळवारी तो लातुरात असणार होता. त्यानं पेटी उचलायला उजवा हात घातला, तो उचलेना, म्हणून डाव्यानं उचलली.

"कळणार न्हाई, अव्वा," तो म्हणाला.

गंगम्मानं वाटीतलं उरलेलं भस्म बोटानं कडेला गोळा केलं.

"हं," ती म्हणाली. "चल आत. उमाला च्या टाकायला सांगते. बस थोडा, दमलास."